चोर सोडून संन्याशाला सुळी

सप्टेंबर 2021 मध्ये चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सचिवालयात तमिळनाडू शासनाच्या सार्वजनिक विभागाचे संगणक खंडणीखोर विषाणूने ग्रासले. फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडविण्यासाठी 1,950 डॉलर आभासी चलनात मागण्यात आले. आकडा किरकोळ; पण अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे सांभाळणाऱ्या विभागाच्याच फायली अडकाव्यात, ही बाब किरकोळ नव्हे.

अशा प्रसंगी आपल्या कार्यालयांत, मग ती चेन्नईची असोत वा मुंबईची, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "क्लिक कोणी केले?" एखाद्या लिपिकाला ज्ञापन दिले जाते आणि प्रकरण नस्तीबद्ध होते. माझ्या मते ही चौकशीच नव्हे.

'ट्रोजन डाउनलोडर' हा प्रकार पाहा. तो स्वतः फारसे बिघडवीत नाही. देयक वा परिपत्रक म्हणून आलेल्या वर्ड फायलीतून, चोरट्या सॉफ्टवेअरमधून तो शिरतो आणि मग महाजालावरून आपली भावंडे बोलावतो. कोणी पासवर्ड चोरणारे, कोणी फायली अडकविणारे. 'एमोटेट' असाच पसरला. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे मोडले, तरी नोव्हेंबरात तो परतला. म्हणून एक विषाणू पुसला की काम संपले, असे समजू नये.

लिपिक क्लिक करतो, हे खरे. पण रोजच्या टंकलेखनासाठी त्याला संगणकाचे सर्वाधिकार असलेले खाते कोणी दिले? मुदत संपलेली कार्यप्रणाली वर्षानुवर्षे कोणी चालू ठेवली? साहेबांचा पासवर्ड साऱ्या शाखेला ठाऊक असतो, तो कोणाच्या सोयीसाठी? यांपैकी एकही निर्णय लिपिकाचा नसतो.

याहून घातक आहे ती लपवाछपवी. तमिळनाडूतीलच कुडनकुळम अणुऊर्जा केंद्राने 29 ऑक्टोबर 2019 रोजी हल्ल्याच्या बातम्या खोट्या ठरविल्या. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले, की महाजालाला जोडलेल्या, प्रशासकीय कामाच्या एका संगणकात विषाणू शिरला होता आणि सर्ट-इनने ते 4 सप्टेंबरलाच कळविले होते. नियंत्रण यंत्रणा वेगळी होती, हे खरे. पण अर्धे सत्य सांगून विश्वास मिळत नाही.

2022 पासून अशी घटना सहा तासांत सर्ट-इनला कळविणे बंधनकारक आहे. परंतु कळविणाऱ्यालाच ज्ञापन मिळणार असेल, तर सहा तास काय, सहा महिनेही तोंड कोण उघडेल?

परमुलखातील वाचकांनी घरीही एवढे पाळावे. रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या खात्यावर करावे, कार्यप्रणाली अद्ययावत ठेवावी, 'मॅक्रो चालू करा' म्हणणारी फाईल तत्क्षणी बंद करावी, आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकापासून काढून ठेवलेल्या डिस्कवर ठेवावी. संशय आलाच, तर आधी नेटची जोडणी तोडावी, पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. आणि घरातल्या मुलाने "बाबा, माझ्या हातून चूक झाली" असे सांगितले, तर त्याला रागावू नये. आपल्या कार्यालयांना नेमके तेवढेच अजून साधलेले नाही.