कोयत्याबरोबर औषध का जात नाही?

मनोविकार हे भरल्या पोटाचे दुखणे आहे, असे मानणारा एक वर्ग डाव्या चळवळीत अजून शिल्लक आहे. भाकरीचा प्रश्न सुटण्यापूर्वी मनाचा प्रश्न हाती घेणे ही त्याच्या मते चैन होय. दुसरा वर्ग याहून तत्त्वनिष्ठ. त्याच्या लेखी मनाचे सारे आजार शोषणातून जन्मतात आणि शोषण संपताच तेही संपतील. बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड मजुराच्या घरात द्विध्रुवी मनोविकाराचा रुग्ण असेल, तर ही दोन्ही मते त्याच्या काडीइतक्याही उपयोगाची नाहीत. उलट ज्या शासनाला हा रुग्ण नजरेआड करावयाचा आहे, त्याच्या ती पथ्यावर पडतात.

या विकाराला पूर्वी ‘मॅनिक डिप्रेशन’ म्हणत. आज तो ‘बायपोलर’ या नावाने ओळखला जातो. त्याला दोन टोके असतात. उन्मादाच्या टोकावर माणसाला झोपेची गरज वाटत नाही, बोलणे थांबत नाही, विचार धावत सुटतात, खर्चाला धरबंध राहत नाही. ही अवस्था आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकते. पुढे केव्हातरी तोच माणूस खिन्नतेच्या टोकाला जातो; आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नाही आणि जीव देण्याच्या गोष्टी करू लागतो. विकाराची सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजेच वर्गविहीन समाजातही तो राहील. प्रश्न आहे तो उपचार कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत हा, आणि तो मात्र पूर्णपणे वर्गाचा प्रश्न आहे.

उसाच्या फडावर या दोन टोकांचे काय होते ते पाहावे. उन्मादात असलेला गडी रात्रंदिवस ऊस तोडतो, गाडी भरतो. मुकादमाला तो गुणी वाटतो. त्याच भरात तो दुसऱ्या मुकादमाकडूनही उचल घेतो आणि उडवतो. मग तो लबाड ठरतो. खिन्नतेत पडून राहिला की कामचोर. आजारी मात्र तो कुठेच ठरत नाही. गावाकडे देवरशी त्याला बाहेरची बाधा सांगतो. अंधश्रद्धेवर व्याख्याने झोडणाऱ्यांना एवढेच विचारावे, की देवरशी तालुक्याच्या प्रत्येक गावात भेटतो, मानसोपचारतज्ज्ञ किती गावांत भेटतो?

या विकाराचे निदान रक्त तपासून होत नाही. रुग्णाचा आणि घरच्यांचा वर्षांचा इतिहास ऐकूनच ते करावे लागते. डॉक्टरकडे रुग्ण येतो तो बहुधा खिन्न असताना. उन्मादाला कोणी आजार मानत नाही. मग साधी खिन्नता समजून औषध दिले जाते, आणि केवळ खिन्नतेवरचे औषध अशा रुग्णाला उन्मादात ढकलू शकते. २०१५ साली शासनाने शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्याचा रोख आत्महत्या आणि खिन्नता यांवरच होता. हेतूविषयी शंका नको. पण ‘मध्ये कधी आठवडाभर झोपेविना हुरूप आला होता काय’ हा एक प्रश्न विचारल्याशिवाय खिन्नतेचे निदान पुरे होत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवी विकाराचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.३ टक्के आढळले, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराविना होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या आसपास होती. त्यातील दोन-तृतीयांश प्रौढ धरले, तरी पाच हजारांच्या घरात रुग्ण येतात आणि साडेतीन हजार उपचाराबाहेर राहतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो मांडण्याची तसदी कोणी घेतली आहे?

उपचार नाही असेही नव्हे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड याने १९४९ साली लिथियमचा गुण दाखवून दिला. ते एक नैसर्गिक क्षार आहे; त्याच्यावर कोणाची मक्तेदारी नाही आणि ते स्वस्त आहे. अडचण गोळीच्या किमतीत नसून गोळीभोवतीच्या व्यवस्थेत आहे. लिथियमची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण ठरावीक काळाने मोजावे लागते; मूत्रपिंड आणि थायरॉईडही तपासावे लागतात. घाम फार गेला, पाणी कमी पडले, तर हे प्रमाण चढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते चढते. आता मार्च महिन्यात उन्हात मोळ्या वाहणारा, पाठ धरली म्हणून दुकानातून गोळी घेऊन गिळणारा मजूर डोळ्यांपुढे आणावा. शिवाय झोपमोड उन्मादाला हमखास आमंत्रण देते, आणि कारखान्याची गाडी मध्यरात्री भरण्यास येते.

बाईची स्थिती अधिक बिकट. जेथे रक्ततपासणीची सोय नाही तेथे लिथियमऐवजी व्हॅल्प्रोएट लिहून देणे सोपे पडते. पण गर्भारपणात ते घेतल्यास मुलात गंभीर व्यंग येण्याचा धोका असतो. जिल्ह्यात मुलींची लग्ने किती लवकर होतात, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

या साऱ्याला सरकारी उत्तर काय? राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणी. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनीही आहे. पण हा सारा पसारा एका जागी बारा महिने राहणाऱ्या रुग्णासाठी रचलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला उपचाराचा हक्क दिला. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी संस्थांत आवश्यक औषधे मोफत दिली. त्याच कायद्यात जिल्ह्यात सेवा नसेल तेव्हाच्या तरतुदीला मोजमाप आहे ते रुग्ण राहतो त्या जिल्ह्याचे. दिवाळीनंतर सहा महिने सांगली, कोल्हापूर वा कर्नाटकात कोपीत राहणारा मजूर कोणत्या जिल्ह्यात राहतो? त्याचा केसपेपर बीडला, तो स्वतः फडावर, आणि गोळ्या महिनाभरात संपलेल्या.

उचलीबाबत कायदा काय म्हणतो, हेही मुकादमाला ऐकवले पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे बारावे कलम असे, की एरवी शहाणा असलेला माणूस मन ठिकाणावर नसताना करार करू शकत नाही. घेतलेल्या पैशाचा आपल्या हितावर काय परिणाम होईल, हे ज्याला त्या क्षणी उमगत नव्हते, त्याच्याकडून ती उचल पुढल्या हंगामात अंगमेहनतीने वसूल करता येते काय? वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच संपविली आहे. पण हे कोर्टात सिद्ध करण्यास त्या काळातला डॉक्टरी कागद लागतो. निदानच झाले नाही तर कागद येणार कोठून? आजाराची नोंद नसणे हेही अशा रीतीने सावकारीचे भांडवल बनते.

पैसा नाही, ही सबब चालण्यासारखी नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावयाचे ठरले आहे. त्यातून कारखान्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात लिथियमची तपासणी करता येईल. जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या आणि कोणत्याही जिल्ह्यात चालणारे उपचारपत्र देता येईल. आजारी मजुराला रात्रीच्या भरणीतून वगळता येईल. धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आतच, गावोगाव अशा घरांना भेटून औषधे हातात पडली की नाहीत हे पाहिले पाहिजे. रुग्णाची नावे चव्हाट्यावर न आणता आकडे जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे आणि साखर आयुक्तांपुढे ठेवले पाहिजेत. आरोग्य खाते मजुराला साखर खात्याकडे आणि साखर खाते त्याला आरोग्य खात्याकडे टोलवील. म्हणून दोघांकडे एकाच दिवशी जावे.