गव्हाणीतलं पोर कुणाचं?

आमच्या कोरेगावशेजारी सातारा. तिथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव दाखल झाले. बसायला कोपऱ्यात वेगळं गोणपाट. शिपाई नसला तर पाणी नाही.

त्याच्याही आधी, खटावातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस फरारची मुलींची शाळा बघितली आणि १८४८ ला पुण्यात स्वतःची काढली. मिशनच्या वर्गातलं शिक्षण त्यांनी हत्यार केलं.

म्हणून मी आजच्या फीवाल्या ख्रिस्ती शाळांना विचारतो. तुमच्याकडं बाकं, चित्रं, कवायत, नाताळचं नाटक सगळं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत वंचितांच्या पोरांना २५ टक्के जागा दिल्या. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून वगळल्या. कोर्टानं सूट दिली, येशूनं दिली का? ज्याच्या बापाकडं फी, त्याच्याच पोरानं गव्हाणीतला गरीब येशू व्हायचं?

सूट घ्यायची सक्ती कुणी केलेली नाही. बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली, वडारवस्तीवरची पोरं पहिलीत घ्या, पुढच्या बाकावर बसवा. तेव्हा म्हणू, शाळा भरली!