विनोद म्हणजे तोंडी लावणे नव्हे

गेल्या माघात रोह्यास एका साहित्यविषयक समारंभास जाण्याचा आम्हांस योग आला. तेथे एका विद्वान वक्त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, वाङ्मयाच्या पानात विनोदाचे स्थान लोणच्याचे; ते डाव्या बाजूस बेताने वाढावे, पोट भरण्याचे काम करुण-वीरादी गंभीर रसांकडे सोपवावे. टाळ्या पडल्या. त्यांत आमचा हात नव्हता. व्याख्यानापूर्वी यजमानांनी आम्हांस बशीभर पोहे खाऊ घातले होते, आणि वक्त्यांस द्यावयाचे उत्तर त्या बशीतच होते.

पेण-रोह्याकडील मंडळींस पोहे कसे होतात हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. भात आधी भिजत घालतात, मग तापल्या भट्टीत भाजतात आणि ऊन असतानाच कांडून चपटे करतात. एवढे सोसल्यावर ते दाणे फुंकरीने उडतील इतके हलके होतात. पण त्यांचे धान्यपण जात नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) आपल्या विनोदी लेखांस ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले, ‘सुदाम्याचे लोणचे’ नव्हे. उत्तम विनोद हा असाच भिजलेला, भाजलेला व कांडलेला विचार असतो. तो हलका दिसतो म्हणून त्यास हलका लेखणे ही परीक्षकाची चूक होय.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘विनोद असो, परंतु गंभीर कृतीत तो केवळ विसाव्यापुरता.’ हेही आम्हांस मान्य नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ घ्या. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ काढून टाका. मागे काय उरेल? दारूच्या दुष्परिणामांवरील एक दीर्घ प्रवचन. ज्या मंडळाच्या ठरावांवर प्रेक्षक पोट धरून हसतो, तेच मंडळ सुधाकरास बुडविते. आपण हसलो तेव्हा आपणही क्षणभर त्या बैठकीत बसलो होतो, हे प्रेक्षकास पुढे उमगते आणि सिंधूचे दुःख त्यास दुप्पट बोचते. येथे हास्य हे करुणास दिलेली सुट्टी नसून करुणाकडे नेणारी वाट आहे.

विनोद करणारा मनुष्य उथळ असतो, हा आणखी एक आवडता आक्षेप. चिमणरावांचे जनक चिंतामण विनायक जोशी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते. बुद्धवचनांचा अभ्यास आणि गुंड्याभाऊंची सोबत एकाच टेबलावर सुखाने नांदली. ज्यांना एकच जमते, त्यांनी दोन्ही जमणाऱ्यास उथळ म्हणावे, हा न्याय अजबच!

रोह्याहून परतताना आम्ही पेण येथे उतरलो व एका गणपतीच्या कारखान्यात तासभर बसलो. हत्तीचे मस्तक, लंबोदर, आणि वाहन म्हणून उंदीर! ज्याच्या अंगी विनोदबुद्धी नाही, अशा कारागिराच्या हातून या सामग्रीचे एकतर भयंकर काही होईल किंवा केवळ हास्यास्पद. पेणचा कारागीर डोळ्यांची आखणी करतो तेव्हा ब्रशाच्या टोकाने त्या विसंगतीतूनच प्रसन्नता उभी राहते. भरतमुनींनी आठ रसांत हास्यास शृंगारानंतर लगेच स्थान दिले व त्याची देवता म्हणून प्रमथांची, म्हणजे शिवगणांची, योजना केली. त्या गणांचा अधिपती तोच हा गणपती. विनोदास लोणचे म्हणणाऱ्यांनी भाद्रपदात कोणापुढे आरती म्हणावयाची, याचा विचार करावा.

‘पण चंद्र हसला म्हणूनच ना गणपतीने त्यास शाप दिला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या मते सर्व वादाची किल्ली त्यातच आहे. चंद्र आपल्या रूपाच्या गर्वाने, उंचावरून, पडलेल्यास हसला. आणि हसताना स्वतःच्या अंगावरचा डाग विसरला. तो उपहास होय, विनोद नव्हे. कोल्हटकरांचा सुदामा ज्या वेडांची फजिती सांगतो, त्यांत तो स्वतः सामील असतो. चिमणराव सांगतात ती तर बहुधा स्वतःचीच फजिती. भरतानेही स्मित उत्तमांचे आणि अतिहसित अधमांचे, अशी प्रतवारी लावली आहे. आज एकीकडे साध्या थट्टेने भावना दुखावणाऱ्यांची गर्दी आहे, तर दुसरीकडे दुबळ्याच्या रंगारूपाची, बोलीची व जातीची टवाळी करून ‘गंमत केली’ म्हणणाऱ्यांची. दोघांचा रोग एकच: स्वतःचा डाग दिसत नाही.

असा उपदेश करणाऱ्याने आपलाही डाग दाखवावा, हे ओघाने आलेच. अध्यापनाच्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या निबंधांतील कितीतरी विनोदी वाक्यांखाली आम्ही लाल शाईने ‘विषयांतर’ असे लिहिले. एकदा एका मुलाने ‘आमचे गुरुजन’ या विषयावर लिहिताना आमच्या खाकरण्याचे इतके हुबेहूब वर्णन केले होते की, घरी ते वाचून दाखविताच आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसली. आम्ही त्याचे चार गुण कापले. त्या पुढे त्याने आमच्या वर्गात जे लिहिले ते सर्व निर्दोष होते, आणि त्यातले एक वाक्यही आज आम्हांस आठवत नाही. ते खाकरणे मात्र अद्याप आठवते. रोह्याच्या वक्त्यांनी लोणच्याचा दृष्टान्त केवळ बोलून दाखविला. आम्ही तो वर्षानुवर्षे अमलात आणीत होतो. म्हणून आईबापांस व अध्यापकांस आमची विनंती एवढीच की, मूल तुमची नक्कल करील तेव्हा गुण कापण्यापूर्वी एकदा खाकरून पाहावे.