ग्वाडलकनालला पुन्हा आलेला भाव

ग्वाडलकनाल हे नाव आपल्यापैकी अनेकांनी दुसऱ्या महायुद्धावरील पुस्तकांत वाचले असेल. मीही ते तेथेच प्रथम वाचले. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात प्रशांत महासागरातील या बेटासाठी अमेरिका आणि जपान यांची निकराची झुंज झाली. कारण भूगोलात होते. अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाकडे जाणारा सागरी मार्ग येथून रोखता येत होता. युद्ध सरले, तसे जग ते बेट विसरले. ते ज्या सॉलोमन आयलंड्स देशात आहे, तेथील आपला दूतावास अमेरिकेने १९९३ मध्ये बंदही करून टाकला.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. २०१९ मध्ये सॉलोमनने तैवानशी असलेले ३६ वर्षांचे संबंध तोडून चीनचा हात धरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी होनियारात दंगल उसळून चिनी वस्ती जळाली. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार झाला. तो प्रसिद्ध झालाच नाही. पण आधी फुटलेल्या मसुद्यात चिनी पोलीस, सैनिक आणि नौकांना वाट मोकळी होती. लष्करी तळ होऊ देणार नाही, अशी ग्वाही तेव्हाचे पंतप्रधान सोगावारे देत राहिले.

मग इतरांची धावपळ सुरू झाली. अमेरिकेने २०२३ मध्ये दूतावास पुन्हा उघडला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पोलीस दलासाठी १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले.

चीनला विस्तारवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तीस वर्षे पाठ फिरवणाऱ्यांना बेटाची आठवण चीन आल्यावरच व्हावी, हे मला अधिक बोलके वाटते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. येथे तिसरा नेमका कोण? चिनी पैशातून होनियारात भव्य स्टेडियम उभे राहिले, २०२३ मध्ये तेथे पॅसिफिक क्रीडास्पर्धाही झाल्या. दुसरीकडे बेटांवरची जंगले तुटत आहेत आणि बहुतेक ओंडके चीनलाच जातात. दंगलीमागे चीनविषयीचा रोष होता, तशीच गरिबी आणि बेकारीही होती. ती कोणत्याही सुरक्षा कराराने हटत नाही.

१९४२ मध्ये या बेटवासीयांना कोणी विचारले नव्हते. आज त्यांच्या सरकारला सगळे विचारतात. गावातल्या माणसाला विचारणारा मात्र अजून यायचाच आहे.