चूक आमची, कळावे

'चूक माझी' असं आपणहून म्हणणारा प्राणी मी परवापर्यंत पाहिला नव्हता. वीस वर्षं बँकेत काढली आहेत, म्हणजे संधी कमी मिळाली असं नव्हे. पण आमच्याकडे चूक पाण्यासारखी असते, वरून खाली वाहते. साहेबांकडून अधिकाऱ्याकडे, अधिकाऱ्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून काउंटरपलीकडच्या पेन्शनर आजोबांकडे. आजोबांच्या खाली कुणीच नसल्यामुळे ते चूक घेऊन घरी जातात.

तो प्राणी भेटला भाच्याच्या संगणकात. भाचा विजेच्या मीटरमधल्या इवल्याशा चिपसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. ते लिखाण चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवणारा हेडक्लार्क म्हणजे कंपायलर. ह्याचं नाव जीसीसी. रिचर्ड स्टॉलमनने 1987 साली तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. एरवी हा 'अमुक ओळीत अर्धविराम राहिला' म्हणून खेकसतो. त्या रात्री मात्र म्हणाला, 'इंटर्नल कंपायलर एरर.'

"काय घोळ घातलास?" मी मामाच्या अधिकाराने विचारलं.

"मी नाही रे मामा, कंपायलरच कोसळला. चूक त्याच्या पोटातली आहे. सविस्तर तक्रार पाठवा, असंही सांगतोय."

मी हात जोडले. ह्यांचा नियमच आहे म्हणे: तुम्ही काहीही कचरा घाला, कंपायलर कोसळला तर दोष कंपायलरचा. म्हणजे ग्राहकाने स्लिप उलटी भरली तरी कारकुनाला फेफरं येता कामा नये!

इतक्यात भाच्याने कंपायलरची सफाई 'ओ-टू'वरून 'ओ-झीरो'वर आणली. गाडी सुरळीत चालली. "झालं!" म्हणून तो झोपायला निघाला, आणि माझ्यातला बी.कॉम. खवळला.

वाचकहो, ह्याला आम्ही सस्पेन्स खातं म्हणतो. फरक सापडत नाही? टाका सस्पेन्सला, गाठा सहा-बाराची लोकल. फरक काही मरत नाही. तो पुढच्या कारकुनाची वाट बघत बसतो. आणि कोसळणारा कंपायलर एक वेळ परवडला. न कोसळता गुपचूप चुकीचा हिशेब उतरवणारा परवडत नाही. उद्या तोच मीटर माझं बिल काढणार आहे!

भाच्याला पुन्हा बसवला. आधी तीच फाईल चार वेळा चालवली. दर वेळी वेगळ्याच जागी कोसळला असता, तर संशय यंत्राच्या मेमरीवर गेला असता. हा पठ्ठ्या एकाच जागी कोसळत होता. मग निम्म्या ओळी उडवल्या. तरी कोसळतो? आणखी निम्म्या. ही विद्या माझी. ताळेबंद जुळेना की आम्ही खातेवही अशीच अर्धी-अर्धी तपासत आलो. फरकाला 9 ने भाग गेला की समजावं, कुणीतरी 54 चे 45 केलेत. रात्री एकपर्यंत दोन हजार ओळींच्या चौदा उरल्या. कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले हुकूम जोडून तक्रार रवाना केली.

"एवढा वेळ कुणाला असतो, मामा?" भाचा जांभई देत म्हणाला.

नसतो, म्हणूनच चुका पेन्शनीत निघतात. कबुली देणाऱ्याला पुरावा न देता पळवाट काढणारा हा चूक करणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या पासबुकात एक वजावट दोनदा पडलेली दिसली. मी उभा राहून म्हणालो, "आजोबा, चूक आमची."

आजोबांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "बँक बुडाली की काय हो?"