उंदीर, पिंजरा आणि आमची भूतदया

सुशिक्षित मराठी कुटुंबांत उंदराविषयीं एक विलक्षण सदाचार रूढ झाला आहे. रात्रीं पिंजऱ्यांत भजें अडकवावें, पहांटे आंत सांपडलेला जीव फडक्याखालीं झांकून न्यावा आणि दोन गल्ल्या ओलांडून पिंजऱ्याचें दार उघडावें. घरीं येऊन हात धुतले कीं, 'आम्ही मारीत नाहीं हो, सोडून देतों' असें चहाच्या वेळीं सांगावयास यजमान मोकळे! या कृत्यास भूतदया म्हणतात. आमच्या मतें ही शेजाऱ्याशीं केलेली शुद्ध लबाडी आहे.

माणसाच्या धान्यावर पोसलेला उंदीर मोकळ्या मैदानांत सुखानें नांदत नाहीं. तो मांजराच्या तोंडीं पडतो, नाहीं तर जवळच्या पहिल्या घरांत शिरतो. तें घर बहुधा पत्र्याचें असतें. कारण पिंजरा घेऊन आपण बंगल्यांच्या वस्तींत कधीं जात नाहीं, नाल्याकडे जातों. गाभण मादी असली तर तीनएक आठवड्यांच्या आंत त्या घरांत सात-आठ पिलें होतात. उंदराच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो, हें मुंबईनें २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर चांगलेंच अनुभविलें. १८९६ सालीं याच शहराच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढें 'घरांत उंदीर पडला' एवढ्या शब्दांवर लोक बिऱ्हाडें उचलून माळावर झोंपड्यांत राहावयास जात. त्यांच्या पणतवंडांनीं जिवंत उंदीर दुसऱ्याच्या दारीं पोंचता करावा, याला धर्म म्हणावयाचें काय?

ज्यांना पिंजऱ्याचाहि कंटाळा, त्यांनीं आतां चिकट पुठ्ठा घरांत आणला आहे. त्यावर प्रथम पाय चिकटतात, सुटण्याच्या धडपडींत पोट, मग तोंड. प्राणी तासन् तास किंचाळतो, आणि सकाळीं पुठ्ठा दुमडून जिवंतपणींच कचऱ्याच्या डब्यांत जातो. मारिलें कोणीं? कोणींच नाहीं! न्यूझीलंडनें २०१५ पासून आणि इंग्लंडनें २०२४ पासून सामान्य नागरिकास हें साधन वापरण्याची मनाई केली. आमच्याकडे गणेशचतुर्थीस ज्याच्या वाहनाची पूजा होते, त्याच घरीं कपाटामागें हा पुठ्ठा पसरलेला असतो. विषाची कथा निराळी नाहीं. रक्त न गोठूं देणारीं विषें उंदरास कित्येक दिवस झुरत ठेवितात, आणि तो मेलेला उंदीर खाणारें घुबड किंवा मांजरहि त्यांत जातें.

मुंबई महापालिकेनें रात्रीं काठी व विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार वर्षानुवर्षें पोसले. त्यांच्या धंद्याचें नांव काढतांच नाक मुरडणारी मंडळी आम्हीं पाहिलीं आहेत. नाक मुरडण्याची ही चैन ज्यांच्या जिवावर चालते, ते तरी आपला उद्योग झांकून ठेवीत नाहींत.

उंदीर घरांत नको असेल तर त्याच्या मरणाचा भार आपणच उचलला पाहिजे, आणि तें मरण क्षणांत आलें पाहिजे. विल्यम हूकर या अमेरिकनानें १८९४ सालीं पेटंट घेतलेल्या जातीचा स्प्रिंगचा चाप आजहि हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. चांगला, कडक स्प्रिंगचा घ्यावा. लेचापेचा चाप पाय तेवढा मोडतो. तो भिंतीशीं काटकोनांत, आमिषाचें टोंक भिंतीकडे करून ठेवावा. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रीं चाप न ताणतां नुसतें आमिष ठेवावें. मोरीची जाळी आणि नळाभोंवतींच्या फटी मात्र आधीं बुजवाव्या. लहान उंदरास पाव इंचाची वाट पुरते. आणि मेलेला उंदीर हातमोजे घालून घरच्या कर्त्या माणसानें स्वतः उचलावा, मोलकरणीस हांक मारूं नये.