चिऱ्याचं घर पाडताना अहिंसा कुठे जाते?



मालवणात आमच्या वाडीतलं आणखी एक चिरेबंदी घर पाडायला काढलंय. कारण काय, तर शेणाने सारवलेल्या जमिनीत किडामुंगी, कौलांत पाली. स्लॅबचं घर म्हणे निर्दोष!

प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची आलोचना करतो. त्यात स्फोटकर्म आहे: जमीन फोडणं, खाण खोदणं. नव्या घराचा चिरा खाणीतूनच येतो ना? वाळू खाडीच्या पोटातून उपसतात. पृथ्वीकाय, अप्काय जीव मुंगीसारखे दिसत नाहीत, एवढाच फरक. जुन्या भिंतीच्या चिऱ्याची हिंसा पणजोबांच्या काळीच होऊन गेली. आणि जांभा हवा लागली की कठीणच होतो, कुठल्याही गवंड्याला विचारा.

कष्ट मलाही ठाऊक आहेत. माकडं कौलं फोडतात, मे महिन्यात ती चाळून घ्यावी लागतात, वाशांना वाळवी लागते. मग वासा बदला. सारवण नको तर फरशी घाला. जुनं घर नवं सामावून घेतंच. मंगळुरी कौलं तरी कुठे फार जुनी? बासेल मिशनचा कारखाना १८६५चा. त्याआधी नळेच होते.

आणि स्लॅब? चार पावसांत गळतो, मग त्यावर पत्र्याची शेड चढते. तालुकाभर बघा. उतरतं छप्पर मोडून शेवटी उतरतंच छप्पर, तेही तापणारं! चौविहार उपवास केलेल्या सासूबाईंना एक दुपार स्लॅबखाली बसवा, दुसऱ्या दुपारी जुन्या पडवीत. घर पाडायचं की नाही, ते त्यांनाच विचारा.